बोरीबंदरचे नाना

रेल्वेच्या वेळापत्रकात बोरीबंदर नावाचे स्टेशन आज शोधूनही सापडणार नाही. 1888 मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसची भव्य इमारत पुरी झाली आणि ते नाव कागदोपत्री संपले. तरीही पुण्याकडची जुनी माणसे मुंबईला निघाली की बोरीबंदरला उतरणार असेच सांगत. आमच्या मांजरीत तर मी हे नाव पुष्कळ वर्षे ऐकले. तिकिटावर व्ही.टी. छापलेले, तोंडी मात्र बोरीबंदर. स्टेशन पुसले गेले आणि नाव लोकांच्या जिभेवर राहिले. ज्या माणसाने आपली सारी पत त्या स्टेशनामागे उभी केली, त्याच्या बाबतीत उलटेच घडले. जगन्नाथ शंकरशेट हे नाव मॅट्रिकच्या संस्कृत शिष्यवृत्तीमुळे घरोघर पोहोचले. गिरगावचा रस्ता त्यांच्या नावाचा झाला, ग्रँट रोडजवळचा चौक नाना चौक झाला. आगगाडीशी मात्र त्यांचे नाव सहसा कोणी जोडत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर, रक्कम जमा झाली, पण दुसऱ्याच खात्यात.

नानांचे आडनाव मुरकुटे. घराणे दैवज्ञ, मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. आजोबा बाबुलशेट मुंबईत आले, वडील शंकरशेट यांनी व्यापारात पैसा मिळवला. नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा. त्यानंतर बरोबर आठवड्याने, 17 फेब्रुवारीला, मुंबईच्या किल्ल्यात प्रचंड आग लागली आणि एतद्देशीयांच्या वस्तीचा मोठा भाग खाक झाला. त्या आगीनंतर मुंबई हळूहळू किल्ल्याच्या भिंतीबाहेर पसरू लागली. पुढे ज्या मोकळ्या जागेत स्टेशन झाले, ती जागा त्या काळी शहराच्या वेशीबाहेरचीच होती. दीड महिन्यापूर्वीच वसईला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला होता. पुण्यातली पेशवाई अस्ताला गेली तेव्हा नाना पंधरा वर्षांचे होते. मराठी राज्य गेलेले पाहिलेल्या पिढीचे ते होते, हे लक्षात ठेवले म्हणजे त्यांच्या पुढच्या वागण्याचा उलगडा होतो. गेलेल्या राज्याबद्दल हळहळत बसण्यापेक्षा आलेल्या राज्याकडून काय पदरात पाडून घेता येईल, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला.

शिक्षण घरीच झाले. इंग्रजी शिकवायला शिक्षक ठेवले होते. 1822 मध्ये वडील वारले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळी इस्टेट, सावकारी आणि घरच्या देवळांची जबाबदारी अंगावर पडली. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ हे या घराण्याचेच. नाना देवधर्म पाळणारे होते. सुधारकांच्या बैठकीत बसले म्हणून घरची पूजा त्यांनी टाकली नाही, आणि पूजा करतात म्हणून मुलींच्या शाळेला नकार दिला नाही. आजच्या वाचकाला यात विसंगती दिसेल. त्यांना ती दिसली नसावी.

त्यांच्या सावकारीबद्दल एक गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपले जडजवाहीर पेढ्यांत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवणे पसंत करीत. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. कर्ज देताना तीन गोष्टी बघायच्या असे आम्हाला शिकवले होते: माणूस कसा, त्याची कुवत किती आणि त्याचे स्वतःचे भांडवल काय. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीचे कागद मिळतात. पहिलीचा कागद नसतो. एखादा परमुलखातला व्यापारी अनोळखी शहरात उतरतो, कोणाचीही भाषा त्याला धड येत नाही, आणि चौकशी करता करता तो एकाच वाड्यापाशी येऊन थांबतो. त्या पहिल्या गोष्टीची चौकशी त्याने बाजारात केलेली असते. नानांचे खरे भांडवल हे होते. घरचा व्यापार त्यांनी पुढे बेताबेताने आवरता घेतला आणि हे भांडवल सार्वजनिक कामात गुंतवले.

पहिली गुंतवणूक शिक्षणात. एल्फिन्स्टनसाहेब गव्हर्नर असताना, 1820 नंतरच्या दोनचार वर्षांत, मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी मंडळी उभी राहिली. विशीतले नाना तिच्या कामात पडले. एल्फिन्स्टन निवृत्त होऊन गेल्यावर त्याच्या स्मारकासाठी वर्गणी जमली ती पुतळ्यात न घालवता अध्यापक नेमण्यासाठी वापरली गेली. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभे राहिले. 1840 मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्यात एतद्देशीय सभासद म्हणून नाना आले आणि तिथे त्यांची गाठ सर अर्स्किन पेरी या न्यायमूर्तींशी पडली. पेरी बोर्डाचे अध्यक्ष. त्यांचे म्हणणे असे की शिक्षण द्यायचे ते इंग्रजीतून आणि थोड्यांना. ते वरून झिरपत खाली जाईल. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे. इंग्रज मित्रांत बसणारे-उठणारे. त्यांनी पेरींची बाजू घेतली असती तर कोणालाच नवल वाटले नसते. पण 1847 च्या सुमारास हा वाद ऐरणीवर आला तेव्हा ते कर्नल जर्व्हिस यांच्या बाजूने, म्हणजे मातृभाषेच्या बाजूने उभे राहिले. सामान्य माणसाला परक्या भाषेतून विद्या शिकायला लावली तर त्याचे अर्धे आयुष्य भाषेतच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. बोर्डावरचे फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हेही त्याच बाजूचे. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान, तिघेही पैसेवाले, आणि तिघेही सरन्यायाधीशाच्या पदाला न भिता देशी भाषांसाठी बोलत आहेत, हे चित्र मला आपल्या आजच्या भाषावादांपेक्षा जास्त शहाणपणाचे वाटते.

1849 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. स्वतःच्या घरात शाळा भरवणे म्हणजे स्वतःच्या जातीबिरादरीची बोलणी स्वतःच्या उंबऱ्यावर बोलावणे. सोनापूरचे स्मशान शिवडीला हलवण्याचा सरकारचा बेत त्यांनी हाणून पाडला. ग्रँट रोडला नाटकगृहासाठी जमीन दिली. ते 1846 मध्ये सुरू झाले, आणि विष्णुदास भावे 1853 मध्ये आपली नाटके घेऊन मुंबईला आले तेव्हा याच नाटकगृहात मराठी खेळ झाले. त्याच वर्षी, महिन्याभराच्या अंतराने, आगगाडी सुटली.

आगगाडीची कथा आठदहा वर्षे आधी सुरू होते. इंग्लंडात 1840 नंतर रेल्वेचे वेड लागले होते. कोणीही उठावे, नकाशावर रेघ मारावी आणि शेअर विकावेत. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, अमेरिकेचे पीक बुडाले की त्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळत. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून घाट उतरून मुंबईला येई. वाटेत पाऊस, धूळ आणि चोर. बंदरात पोहोचेपर्यंत माल निम्मा खराब. मुंबईच्या व्यापाऱ्यांना हे रोजचे दुखणे होते. 1845 मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन झाली. लंडनमध्ये तयार होत असलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीत ती पुढे मिळून गेली आणि कंपनीच्या दहा संचालकांत हे दोघेच हिंदी आले. कंपनीचे मुंबईतले पहिले कार्यालय नानांच्या वाड्यात भरत असे, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

दोन हिंदी माणसे घेण्यात कंपनीचा उदारपणा होता असे समजू नये. लंडनच्या कंपनीला मुंबईत जमीनमालकांशी बोलणारा, सरकारदरबारी ओळख असणारा आणि बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस पाहिजे होता. वाफेचे यंत्र विलायतेहून बोटीने आणता येत होते. विश्वास आणता येत नव्हता.

1 ऑगस्ट 1849 रोजी पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी रीतसर स्थापन झाली आणि त्याच महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. हा करार मी बँकवाल्याच्या नजरेने वाचतो तेव्हा थोडा थबकतो. पहिले भांडवल 5 लाख पौंड. रुळांसाठी लागणारी जमीन सरकार फुकट देणार. भागधारकांना त्यांच्या पैशावर 5 टक्के परतावा मिळेल याची हमी सरकार घेणार. धंद्यात नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, म्हणजे हिंदुस्थानच्या रयतेने भरलेल्या साऱ्यातून, दिला जाणार. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांच्या निमित्ताने थकहमी हा शब्द सर्वांना माहीत झाला आहे. तीच ही गोष्ट, फक्त घेणारे लंडनला बसलेले. माझ्या नोकरीत एका कारखान्याच्या कर्जाची फाईल माझ्या टेबलावर होती. सरकारी हमीचा कागद त्या फाईलला लागला त्या दिवसापासून कारखान्याच्या खर्चाची पत्रके उशिरा यायला लागली, हे मी पाहिले आहे. ज्याचे नुकसान दुसरा भरणार असतो, त्याचा हात आखडत नाही. हमीच्या पद्धतीने बांधलेल्या सगळ्याच हिंदी रेल्वेंवर पुढे हा आक्षेप आला. दर मैलाचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि दादाभाई नौरोजींच्या पिढीने ज्या आर्थिक शोषणाचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाचे कलम ठळक होते. दादाभाई हे नानांच्याच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे विद्यार्थी आणि नंतर तिथलेच प्राध्यापक.

नानांना हे कळत नव्हते का? पिढीजात सावकार होते ते. हमी म्हणजे काय आणि ती शेवटी कोणाच्या बोकांडी बसते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मला वाटते, त्यांनी किंमत पाहिली आणि ती देऊन टाकावी असे ठरवले. हमी नसती तर लंडनचा पैसा आला नसता, आणि तो आला नसता तर मुंबई आणखी वीसपंचवीस वर्षे बैलगाडीवर राहिली असती. हा निर्णय बरोबर होता की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी त्यांच्या जागी असतो तर सही केली असती, पण नफ्यातल्या वाट्याबद्दल अधिक भांडलो असतो.

31 ऑक्टोबर 1850 रोजी शीवजवळ कामाची पहिली कुदळ पडली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले त्याच वर्षी विलायतेहून आले होते. ठाण्यापर्यंतची वाट फार लांब नव्हती, एकवीस मैल, पण मध्ये शीवची दलदल आणि खाड्या होत्या. 1852 मध्ये रुळावर इंजिन फिरताना मुंबईकरांनी पाहिले आणि शहरात नाना वावड्या उठल्या. पिशाच्च म्हणा, देव म्हणा, बैलाशिवाय चालते ते काहीतरी अमानुष असणार. कोणी तिला चाक्या म्हसोबा म्हणाले असे सांगतात. गाडीत बसल्याने आयुष्य कमी होते, विटाळ होतो, अशी बोलणी होती. अशा वेळी गिरगावचा देवभक्त शेट स्वतः गाडीत बसतो, याला जाहिरातीपेक्षा जास्त अर्थ होता.

मुंबईतले टोक ठरले बोरीबंदरला. किल्ल्याच्या बाजारगेटाबाहेर, पूर्व किनाऱ्यालगत मालाच्या चढउताराची ही जागा. बोरी म्हणजे गोणी, मालाच्या गोण्यांवरून नाव पडले असे काही म्हणतात. तिथे बोरीची झाडे होती असे दुसरे म्हणतात. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा बराच जवळ होता. स्टेशन म्हणून जे उभे राहिले ते साधेसुधे लाकडी बांधकाम. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस पाहून डोळे दिपलेल्यांना हे खरे वाटणार नाही, पण आशियातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती अशा शेडवजा स्टेशनातून.

शनिवार, 16 एप्रिल 1853. दुपारी साडेतीनच्या सुमारास, 21 तोफांची सलामी झाल्यावर, 14 डब्यांची गाडी ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडली होती. सुमारे 400 निमंत्रित आत होते, गव्हर्नरचा बँड वाजत होता. खुद्द गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. साहेबाला उकाडा सोसला नाही की यंत्रावर भरवसा नव्हता, कोण जाणे. नाना गाडीत होते. वय पन्नास. रुळाच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती, घरांच्या छपरांवर माणसे होती. ठाण्याला तंबू ठोकून खाण्यापिण्याचा थाट केला होता. संध्याकाळी मंडळी परत आली.

कंपनीच्या हिशेबात मुख्य धंदा मालाचा होता. हिंदी माणूस प्रवास करणार नाही, केलाच तर जातवार डबे मागेल, असा कित्येक इंग्रजांचा होरा होता. तो साफ खोटा ठरला. तिसरा वर्ग भरभरून वाहू लागला. यात्रेला, लग्नाला, बाजाराला, कोर्टकचेरीला माणसे निघाली आणि शेजारी कोण बसले आहे याची चौकशी करायला गर्दीने जागाच ठेवली नाही.

आगगाडीची तयारी चालू होती त्याच काळात नाना आणखी एका उद्योगात होते. 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि अध्यक्षपदी ते आले. ईस्ट इंडिया कंपनीची सनद 1853 मध्ये पार्लमेंटपुढे यायची होती. त्याआधी असोसिएशनने पार्लमेंटला लांबलचक अर्ज पाठवला. कंपनीचा कारभार खर्चिक आहे, हिंदी लोकांना वरच्या जागा मिळत नाहीत, कायदे करताना त्यांना विचारले जात नाही, असा त्याचा आशय. ज्या सरकारच्या हमीवर आपली रेल्वे उभी आहे, त्याच सरकारविरुद्ध तक्रार करणाऱ्या सभेचे अध्यक्ष आपण व्हायचे, ही दोरीवरची कसरत होती. नानांनी ती शांतपणे केली.

1857 ने त्यांची परीक्षा घेतली. उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतले इंग्रज प्रत्येक वजनदार हिंदी माणसाकडे संशयाने पाहू लागले. नानांवरही बालंट आले. उठाववाल्यांना त्यांची आतून मदत आहे अशा कुजबुजीवरून चौकशी झाली. तिच्यातून काही निघाले नाही, ते निर्दोष ठरले. पण 15 ऑक्टोबर 1857 रोजी एस्प्लनेडच्या मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. चार वर्षांपूर्वी पहिल्या गाडीला सलामी देणाऱ्या तोफा झडल्या त्या बोरीबंदरपासून हे मैदान हाकेच्या अंतरावर. ज्यांच्याबरोबर आपण ठाण्याला तंबूत बसलो होतो, तेच लोक आपल्या घरावर पाळत ठेवत आहेत, हे त्या दिवसांत नानांना ठाऊक असणार. त्यानंतरही त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तिथेही ते होते.

रूळ इकडे पुढे सरकत होता. 1854 मध्ये कल्याण, 1856 मध्ये खोपोली, आणि 14 जून 1858 रोजी खंडाळा ते पुणे. मधला बोरघाट अजून पोखरायचा होता. त्यामुळे मुंबईचा माणूस खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. पाच वर्षे असेच चालले. घाटाच्या कामावर एका टप्प्यावर 40 हजारांहून अधिक मजूर होते. दरडी, सुरुंग, पटकी आणि ताप यांत त्यांतले हजारो मेले. मजुरी थकवली म्हणून 1859 मध्ये दंगल झाली आणि मूळ ठेकेदाराकडून काम गेले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि ते अवाढव्य काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर नेमून तडीस नेले. 1863 मध्ये घाट खुला झाला. ठेकेदाराचे, त्याच्या विधवेचे, इंजिनिअरचे नाव इतिहासात आहे. मजुरांची नावे कोणत्याही मस्टरवर उरलेली नाहीत. संचालकांच्या मेजावर ही माणसे खर्चाच्या कोणत्या रकान्यात मांडली जात असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि त्या संचालकांत आपला माणूस होता म्हणून तो हलकाही होत नाही.

पुण्यापुढचा दिक्सळपर्यंतचा रूळ 1858 च्या अखेरीस सुरू झाला. हडपसर आणि लोणीच्या मधली आमची मांजरी याच फाट्यावरची. आजही या रुळांशेजारच्या खांबांवरचे आकडे मुंबईपासून मोजलेले आहेत. मुळा-मुठेच्या काठच्या गावाचे अंतर पुण्यापासून न मोजता मुंबईच्या एका धक्क्यापासून मोजायचे, ही पद्धत त्या वर्षांत पडली. पेशव्यांच्या वेळी सगळ्या वाटा पुण्यापासून मोजल्या जात असत. नानांचे लहानपण त्या काळातले.

शेवटची वर्षे मानाची गेली. 1862 मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात ज्या पहिल्या हिंदी सभासदांची नेमणूक झाली त्यांत ते होते. भायखळ्याच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला त्याच वर्षी बसली. त्यामागे नाना आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची खटपट होती. पण शहराला भलतेच वारे लागले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका झाला की ठेवायला जागा नाही. समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर बँका कर्जे देऊ लागल्या. कापूस बंदरात आणण्यासाठी मागितलेल्या रेल्वेनेच हा पूर शहरात आणला असे म्हटले तर चूक होणार नाही. 1865 च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस, त्या दिवशी मोठमोठी नावे कोसळली. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी पाठबळाची बँक 1868 मध्ये गुंडाळावी लागली. नुसत्या शब्दावर जडजवाहीर ठेवून घेणाऱ्या सावकारीचा काळ मुंबईत संपला तो या वर्षी. त्याच महिन्याच्या 31 तारखेला नाना वारले.

टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसला. संस्कृतच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. 1912 च्या मॅट्रिकला ही पहिली शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा म्हणजे चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. आम्हा बँकवाल्यांना याचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी माफ करावा.

बोरीबंदरच्या लाकडी स्टेशनाला फार आयुष्य नव्हते. घाट खुला झाल्यावर गर्दी आणि माल त्याच्या आवाक्याबाहेर गेले. 1878 मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार नव्या इमारतीचे काम सुरू झाले, ते दहा वर्षे चालले आणि 16 लाखांवर रुपये लागले. मधे 1887 मध्ये राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून तिचे नाव स्टेशनाला दिले गेले. जुन्या शेडची एक फळीही कोणी स्मरणार्थ ठेवली नाही. कंपनी 1900 मध्ये सरकारने विकत घेतली, 1925 मध्ये कारभारही हातात घेतला. 1996 मध्ये स्टेशनाला शिवछत्रपतींचे नाव मिळाले, 2004 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि 2017 मध्ये नावात महाराज हा शब्द आला. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या दहा संचालकांचे चेहरे दगडात कोरले आहेत. त्यांतले दोन हिंदी: जमशेटजी आणि नाना. ते इतके उंचावर आहेत की लोकल पकडायला धावणाऱ्याला दिसणे कठीण.

नानांचे नाव एखाद्या स्टेशनाला द्यावे ही मागणी जुनी आहे. 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा प्रस्ताव मंजूर केला, तो मुंबई सेंट्रलसाठी. हे स्टेशन नाना चौकापासून जवळ, म्हणून निवड समजण्यासारखी आहे. पण मुंबई सेंट्रल बांधले ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया या दुसऱ्याच कंपनीने, नाना गेल्यानंतर पासष्ट वर्षांनी. डिसेंबर 1930 मध्ये ते सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या कंपनीचे कुलाब्याचे टर्मिनस बंद करण्यात आले. त्या कंपनीची पहिली गाडी ग्रँट रोडला आली ती नोव्हेंबर 1864 मध्ये. नानांच्या आयुष्याचे तेव्हा आठ महिने उरले होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनाची शिट्टी त्यांच्या देवळापर्यंत ऐकू येत असणार.